राजाश्रयाला बाहेरचे दार हवे

राजाश्रय हा शब्द मराठीत फार सात्त्विक अर्थाने वापरला जातो. एखाद्या गायकाला, शिल्पकाराला किंवा शाहिराला राजाश्रय लाभला असे आपण लिहितो, तेव्हा त्याच्या डोक्यावर छत्र आले, पोटाची चिंता मिटली आणि कला बहरली, एवढे सगळे त्या एका शब्दात गृहीत असते. आणि राजाश्रय गेला असे लिहिले की पुढचे वाक्य ‘कला लयाला गेली’ हेच असणार, हे वाचकालाही ठाऊक असते. छत्र धरणाऱ्याने त्या बदल्यात काय घेतले, आणि छत्राखालून बाजूला व्हायचे म्हटले असते तर होता आले असते का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाचे जेंबेवादक मामादी केइता (१९५०-२०२१) यांचे आयुष्य समोर ठेवून हे प्रश्न विचारावेत असे मला वाटते, कारण लोककलेला इतका सढळ, इतका संघटित आणि तितकाच कठोर राजाश्रय विसाव्या शतकात फार थोड्या देशांनी दिला असेल. माझे म्हणणे असे, की आश्रयाचे मोजमाप दिलेल्या पैशावर, परदेश दौऱ्यांवर किंवा पडलेल्या टाळ्यांवर करू नये. कलावंताला तो आश्रय सोडून, आपली कला सोबत घेऊन, सुखरूप बाहेर पडता येत होते का, यावर करावे.

केइता यांचा जन्म बालांदुगू या खेड्यातला. गिनीच्या ईशान्येला, मालीच्या सीमेलगत वासोलोन म्हणून जो प्रदेश आहे, त्यात हे गाव येते. जेंबे हे तिथले वाद्य: एकाच ओंडक्यातून कोरलेला, वर रुंद आणि कमरेला अरुंद असा, मोठ्या पेल्याच्या घाटाचा ढोल, ज्यावर बकरीचे पातळ कातडे ताणलेले असते आणि जो नुसत्या हातांनी वाजवतात. तो घडवण्याचे काम परंपरेने लोहारांकडे असते. वाजवण्याला मात्र जन्माची अट नाही. मांदे, म्हणजे मालिंके आणि त्यांच्या नात्यातल्या लोकांच्या, समाजात वंशावळी आणि राजांचे पोवाडे सांगणाऱ्या जेलींची, म्हणजे फ्रेंच लेखक ज्यांना ग्रिओ म्हणतात त्यांची, वाद्ये वंशपरंपरेने बांधलेली असतात. जेंबे त्यांत मोडत नाही. ज्याच्या हातात ते बोलते त्याचे ते असते, आणि वादकाला म्हणतातही ‘जेंबेफोला’, जेंबेला बोलते करणारा. केइता हे कुलनाम तर तेराव्या शतकात माली साम्राज्य उभे करणाऱ्या सुंदियाता केइताचे. म्हणजे राजवंशाचे आडनाव लावणारा मुलगा वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी करिंकाजान कोंदे या गावच्या जाणत्या वादकापाशी बसून शिकू लागला, आणि त्याला शिकवण्यासाठी कुठल्याही राजाची गरज पडली नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे सगळे श्रेय राज्यसंस्थेच्या खात्यावर जमा होते.

गावातले वादन कसे असते हे समजून घेतल्याशिवाय पुढचे नुकसान लक्षात येणार नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. जेंबे एकटा कधीच नसतो. सोबत तीन आडवे ढोल असतात, केंकेनी, सांगबान आणि दुनुनबा, काठीने वाजवायचे, बरेचदा दुसऱ्या हाताने लोखंडी घंटा वाजवत. तालाची ओळख सांगबान सांगतो. केंकेनी त्याला धरून ठेवते. दुनुनबा खालून खर्जात हुंकार देतो. या तिघांच्या अंगणात जेंबेवादक खेळत असतो, पण खेळ त्याच्या एकट्याच्या मर्जीने चालत नाही. भोवती माणसांचे रिंगण असते, रिंगणातून एखादी बाई पुढे येते, वादकाच्या समोर उभी राहून पावले टाकू लागते, आणि त्या क्षणापासून वादकाची नजर तिच्या पायांवर, खांद्यांवर खिळते. तिने झेप घेतली की ती जमिनीला टेकण्याच्या नेमक्या क्षणी थाप पडली पाहिजे. तिने वेग वाढवला की हातांनी तो ओळखला पाहिजे. तिचे नाचून झाले की वादक एक ठरावीक तुकडा वाजवून तिला निरोप देतो, रिंगण पुन्हा मिटते, दुसरे कोणी पुढे येते. ही जुगलबंदी दोन मिनिटांची असेल किंवा दहा; ते नाचणारी ठरवते. ताल कोणता वाजवायचा हे प्रसंग ठरवतो: सुंतेच्या वेळी सोली, गावातल्या बलदंड पुरुषांच्या नाचाला दुनुनबा, आणि कापणीच्या वेळी कासा, ज्याचा मालिंके भाषेतला अर्थ कणगी. शेतात माणसे वाकून काम करीत असतात आणि ढोलवाले त्यांच्यासमोर ताल धरून उभे असतात. प्रेक्षक नावाचा वेगळा वर्ग तिथे नसतोच.

आता राज्यसंस्थेकडे येऊ. २८ सप्टेंबर १९५८ रोजी फ्रान्सने आपल्या वसाहतींसमोर फ्रान्सच्या नव्या व्यवस्थेत राहायचे की नाही याचे सार्वमत ठेवले, आणि आफ्रिकेतल्या साऱ्या फ्रेंच वसाहतींत गिनीने एकटीने ‘नाही’ म्हटले. चारच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, देश स्वतंत्र झाला. फ्रेंच अधिकारी रागाने गेले आणि जाताना जे नेता येईल ते घेऊन गेले. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्यासमोर रिकामी तिजोरी होती, मालिंके, फुला, सुसू आणि दक्षिणेच्या अरण्यभागातल्या अनेक जमाती मिळून एक राष्ट्र बनवायचे होते, आणि ज्या नाचगाण्याला गोऱ्या जगाने पिढ्यानपिढ्या रानटी ठरवले होते त्यालाच राष्ट्राची ओळख म्हणून उभे करायचे होते. या तिसऱ्या कामाची तयारी आधीच झालेली होती. फोदेबा केइता नावाच्या गिनीच्या कवी-नृत्यदिग्दर्शकाने पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी पॅरिसमध्ये एक नृत्यसंघ काढला होता. स्वातंत्र्यानंतर तोच ‘ले बॅले आफ्रिकें’ या नावाने राष्ट्रीय संघ झाला आणि जगभर फिरला. देशात खासगी वाद्यवृंद मोडून सरकारी वाद्यवृंद उभे करण्यात आले. पक्षाच्या प्रत्येक पायरीवर, खेड्यापासून प्रांतापर्यंत, नृत्य-नाट्याचे संघ बसवण्यात आले, त्यांच्या स्पर्धा घेण्यात आल्या, आणि वरच्या पायरीवर पोहोचलेले वादक व नर्तक सरकारी नोकर झाले. तबकड्या काढायला सरकारी कंपनी होती, तिचे नाव सीलीफोन. सीली म्हणजे हत्ती, सत्ताधारी पक्षाचे चिन्ह.

या यंत्रणेने १९६४ मध्ये बालांदुगूचा तो मुलगा उचलला. जोलिबा नावाचा दुसरा राष्ट्रीय नृत्यसंघ उभारायचे ठरले होते. जोलिबा हे नायजर नदीचे तिथले नाव. देशाच्या कानाकोपऱ्यांतून निवडलेल्या शेकडो तरुण कलावंतांना राजधानी कोनाक्रीसमोरच्या कासा बेटावर नेण्यात आले. तालाचेही नाव कासा आणि बेटाचेही कासा. हा निव्वळ योगायोग आहे, पण एक कणगी आणि दुसरे चहूकडून पाण्याने वेढलेले, हे मनातून जात नाही. तिथे नऊ महिने सकाळपासून रात्री उशिरापर्यंत तालमी झाल्या, चाळण लागली, आणि जे थोडे उरले त्यांत चौदा वर्षांचा मामादी होता. पुढे तो संघाचा प्रमुख वादक झाला आणि १९७९ मध्ये कलादिग्दर्शकही. घर सोडल्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ त्याने आपले गाव पाहिले नाही. १९९१ साली एका फ्रेंच माहितीपटाच्या निमित्ताने तो बालांदुगूला परतला, तेव्हा त्याला ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायका रडत होत्या. हजार मैलांवर नव्हे, एकाच देशात, त्याच सरकारच्या नोकरीत असलेला माणूस यांतली वीस-बावीस वर्षे घरी जाऊ शकत नाही, याला मी नोकरीपेक्षा वेगळा शब्द वापरीन.

तरीही या राज्यसंस्थेचे जे देणे आहे ते चुकते केले पाहिजे, आणि मी ते हातचे राखून करणार नाही. १९५० च्या दशकापूर्वी मांदे प्रदेशाबाहेर जेंबे कोणाला फारसा माहीत नव्हता. तो आज जगातल्या कोणत्याही मोठ्या शहरात विकत मिळतो, त्याच्या मुळाशी हे दोन नृत्यसंघ आहेत. पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आफ्रिकी नर्तकांनी ताठ मानेने उभे राहणे ही वसाहतवादाच्या अपमानानंतरची मोठी गोष्ट होती. निरनिराळ्या जमातींचे ताल एकाच वादकाने आत्मसात करावेत असे गावात कधी घडले नसते. बालांदुगूचा मालिंके मुलगा अरण्यभागातला कुकू आणि किनाऱ्यावरचे सुसू ताल शिकला तो राष्ट्रीय संघातच. वादनाचे तंत्रही तिथे वाढले. गावात एखाददुसरा जेंबे पुरे होतो. मंचावर अनेक लागले, त्यांचे स्वर एकमेकांशी जुळवावे लागले, कातडे अधिक ताणावे लागले, आणि पुढे लोखंडी कड्या व चिवट दोरी आल्यावर जेंबेचा जो कडक, लखलखीत आवाज आपण आज ओळखतो तो तयार झाला. केइता यांच्या हाताची सफाई ही करिंकाजान कोंदे आणि जोलिबा या दोघांची मिळून आहे, आणि त्यातला एक वाटा नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मंचावर गेल्यावर रिंगण मात्र मोडले. प्रेक्षक एका बाजूला बसले म्हणून नर्तक ओळीत उभे राहिले, ओळीत उभे राहिले म्हणून सर्वांनी एकदम वळावे लागले, एकदम वळायचे म्हणून कोणते पाऊल कितव्या आवर्तनाला पडणार हे आधी ठरले, आणि हे ठरल्यावर वादकाला नाचणारीच्या पायांकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. तासन्‌तास चालणारा ताल काही मिनिटांच्या तुकड्यात बसवला गेला. हे कोणी दुष्टपणाने केले नाही. रंगमंच म्हटला की ते ओघाने येते, आणि आपल्याकडच्या लोककलांच्या सरकारी महोत्सवात सात मिनिटांत उरकलेले गोंधळ-जागरण ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते फोडून सांगायला नको. रंगमंचाला माझा आक्षेप नाही. रंगमंच हा एकच अधिकृत मार्ग राहतो आणि रिंगण चालवणाऱ्याला परवानगी घ्यावी लागते, तिथे माझा आक्षेप सुरू होतो.

गिनीमध्ये गोष्ट परवानगीच्याही पुढे गेली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतच सरकारने दक्षिणेच्या अरण्यभागात अंधश्रद्धा-निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. ज्या पवित्र मुखवट्यांकडे बायकांनी आणि दीक्षा न घेतलेल्यांनी पाहूही नये असा नेम होता, ते पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भर चौकात आणून सर्वांसमोर उघडे पाडले आणि जाळले. दीक्षाविधी बंद पाडले. त्याच सुमारास, त्याच सरकारचे नृत्यसंघ त्याच अरण्यभागातले मुखवट्यांचे नाच राष्ट्रीय वारसा म्हणून मंचावर सादर करीत होते. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. मला तो वाटत नाही. गावातल्या मुखवट्यामागे गावातल्या वडीलधाऱ्यांची सत्ता होती, आणि मंचावरचा मुखवटा हे फक्त लाकूड होते. ज्या कलेमागे दुसऱ्या कोणाची सत्ता आहे ती मोडायची आणि तिचे रूप तेवढे आपल्या पदरी ठेवायचे, हे धोरण पूर्णपणे सुसंगत आहे. राजाश्रय आणि कलेचा नाश एकाच हाताने, एकाच वेळी होऊ शकतो, हे आपल्या ‘आश्रय गेला आणि कला बुडाली’ या साच्यात बसत नाही.

फोदेबा केइताचे काय झाले तेही याच ओघात सांगायला हवे. ज्या कवीने नृत्यसंघ उभा केला तो स्वतंत्र गिनीत आधी गृहखात्याचा आणि मग संरक्षण खात्याचा मंत्री झाला. देशाच्या सुरक्षायंत्रणेची घडी त्याच्या कारकिर्दीत बसली. १९६९ मध्ये त्याच यंत्रणेने त्याला कटाच्या आरोपावरून पकडले, कोनाक्रीतील कुप्रसिद्ध कॅम्प बोइरो या तुरुंगात टाकले आणि त्याच वर्षी ठार केले. त्या छावणीत तुरे यांच्या काळात हजारो माणसे डांबली गेली आणि त्यांतली कितीतरी परत आली नाहीत. लाखो लोक देश सोडून शेजारच्या देशांत गेले. अशा देशात राष्ट्रीय संघातल्या वादकाने ‘मला आता नको’ असे म्हणणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. संघाचा संस्थापकच जिथे वाचला नाही, तिथे ढोलवाल्याचे काय.

सेकू तुरे २६ मार्च १९८४ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँड येथे हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी वारले, आणि आठच दिवसांनी लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतरची सनावळी पाहण्यासारखी आहे. ‘ले बॅले आफ्रिकें’चे अनेक वर्षांचे प्रमुख वादक फामूदू कोनाते यांनी १९८५ मध्ये संघ सोडला. मामादी केइता यांनी १९८६ मध्ये जोलिबा सोडला, आयव्हरी कोस्टमधील आबिजान गाठले, तिथे काही काळ काम केले आणि १९८८ मध्ये ते ब्रुसेल्सला गेले. देशातले दोन सर्वश्रेष्ठ जेंबेवादक, दोन वेगवेगळ्या संघांतले, पहारा उठताच दोन वर्षांत बाहेर पडले. आश्रय कसा होता याची याहून बोलकी साक्ष मला ठाऊक नाही.

यावर एक रास्त हरकत घेतली जाते. तुरे गेल्यावर सरकारचा पैसाही आटला, नव्या राज्यकर्त्यांना नृत्यसंघात रस नव्हता, पगार वेळेवर होईनात. तेव्हा हे लोक स्वातंत्र्य मिळाले म्हणून गेले नसून पोट भरेना म्हणून गेले. हे खरे आहे, निदान अर्धे खरे आहे. पण या हरकतीने माझा मुद्दा पडत नाही, उलट बळावतो. वीस-बावीस वर्षे एका माणसाला एकाच धन्याच्या दारी असे बांधून ठेवायचे की दुसरे काही उभे करण्याची सवड त्याला मिळू नये, आणि मग धनी बदलला की वाऱ्यावर सोडायचे, हा त्याच आश्रयाचा उत्तरार्ध आहे. खासगी वाद्यवृंद मोडले नसते, गावातल्या रिंगणाला कार्यकर्त्याचा धाक नसता, तर १९८४ नंतर कोनाक्रीत कलावंतांना उतरायला दुसरी काही जागा राहिली असती. आश्रयदात्याने बाकीची सगळी घरे पाडली होती.

ब्रुसेल्सला पोहोचल्यावर केइता यांनी जे केले ते मला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत विचार करण्यासारखे पर्व वाटते, वादनापेक्षाही. १९९१ मध्ये त्यांनी ‘ताम ताम मांदिंग’ नावाची शाळा काढली, आणि पुढे तिच्या शाखा अनेक देशांत निघाल्या. शिकवताना त्यांचा आग्रह असा, की नुसता ताल हातात बसून उपयोगी नाही. तो कोणत्या जमातीचा, कोणत्या प्रदेशातला, कोणत्या प्रसंगी वाजवायचा आणि त्यासोबतचे गाणे कोणते, हे विद्यार्थ्याला माहीत असले पाहिजे. स्वतः रचलेले ताल ते स्वतःचे म्हणून सांगत, परंपरेत खपवत नसत. विद्यार्थ्यांना ते गिनीत, बालांदुगूला घेऊन जात. राष्ट्रीय संघाने ज्या तालांचे प्रसंग पुसून त्यांना एकाच राष्ट्रीय पडद्यापुढे उभे केले होते, त्या तालांना त्यांचे गाव, त्यांची जमात, त्यांचे शेत परत मिळाले ते बेल्जियममधल्या एका वर्गात. हे संघाबाहेर पडल्यावरच झाले. राज्यसंस्थेला तालाचा पत्ता ‘गिनी’ एवढाच हवा होता. बालांदुगू असा पुरता पत्ता लिहिण्याची मोकळीक वादकाला परदेशात मिळाली.

मग बाजार हा राज्यसंस्थेपेक्षा चांगला धनी, असे मी म्हणतो आहे का? नाही. बाजाराचा हिशेब मी जवळून पाहिला आहे. पुण्यात एका हौशी वर्गात काही महिने मी स्वतः जेंबे शिकलो. ढोल इंडोनेशियातून आलेले, यंत्रावर उतरवलेल्या मऊ लाकडाचे, वर रंगीत नक्षी. आज जगात विकल्या जाणाऱ्या जेंबेंपैकी कितीतरी तिथेच बनतात. हाताचे तीन आघात, मधोमध खोल, कडेला मोकळा आणि कडेलाच फटकारा, हे नीट शिकवले गेले, आणि तबल्याच्या बोलांची सवय असलेल्यांना ते लवकर उमगले. तिसऱ्या आठवड्यात कुकू शिकवायला घेतला. हा ताल कुठला, असे एका मुलीने विचारले, तेव्हा ‘आफ्रिकन’ असे उत्तर मिळाले आणि वर्ग पुढे गेला. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला ढोलांचे जे रिंगण बसते त्यातही कोणी पत्ता विचारत नाही. तिथे तर ताल कुठला हा प्रश्नच अरसिकपणाचा ठरेल. बाजाराला प्रसंग नको असतो, तासाभराचा वर्ग हवा असतो. सरकारने पत्त्यावर ‘गिनी’ लिहिले, बाजाराने ‘आफ्रिका’ लिहिले. फरक एवढाच, आणि तो मला लहान वाटत नाही, की बाजारात केइता यांना स्वतःची शाळा काढून स्वतःचा आग्रह धरता आला. ज्याला पत्ता जाणून घ्यायचा होता तो त्यांच्याकडे गेला, बाकीचे दुसरीकडे गेले. कोणाचा ढोल कोणी फोडला नाही.

शेजारच्या सेनेगलची उदाहरणे इथे उपयोगी पडतात, कारण तिथेही राजाश्रय होता आणि तो देणारा राष्ट्राध्यक्ष स्वतः मोठा कवी होता. लिओपोल्ड सेंगोर यांच्या पाठबळाने १९७७ मध्ये दाकारला ‘मुद्रा आफ्रिक’ ही नृत्यशाळा निघाली. फ्रेंच नृत्यदिग्दर्शक मोरिस बेजार तिच्याशी निगडित होते आणि संचालक होत्या जर्मेन अकोन्यी. सेंगोर १९८० च्या अखेरीस पदावरून स्वखुशीने उतरले आणि दोनच वर्षांत शाळा बंद पडली. म्हणजे हा आश्रयही एका माणसाच्या आवडीवर उभा होता. पण अकोन्यी यांना कोणी बेटावर नेले नव्हते. त्या युरोपात गेल्या, तिथे काम केले, आणि नव्वदीच्या दशकात सेनेगलला परतून तूबाब दियालाव या किनाऱ्यावरच्या खेड्यात त्यांनी ‘वाळूची शाळा’ उभी केली, जिथे आफ्रिकाभरचे नर्तक शिकायला येतात. २०२१ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक महोत्सवाने त्यांना नृत्यासाठीचा सुवर्णसिंह दिला. दाकारचेच दूदू एन्जाय रोझ हे साबार नावाच्या ढोलाचे वादक राष्ट्रीय नृत्यसंघात वाजवत होते आणि त्याच वेळी आपल्या मुला-मुलींचा, सुना-नातवंडांचा स्वतःचा ताफाही चालवत होते. बायकांनी साबार वाजवू नये हा रिवाज त्यांनी आपल्या घरच्याच बायकांचा संघ काढून मोडला. सरकारी नोकरी आणि स्वतःचे अंगण दोन्ही एकाच वेळी असणे, हे गिनीत अशक्य होते. दोन्ही देश फ्रेंचांच्या ताब्यातून सुटलेले, दोन्ही गरीब, दोन्हीकडे ढोल तितकाच जुना. फरक दाराचा होता.

दार बंद करण्याचे काम बेटे आणि छावण्याच करतात असे नाही. कायदाही ते करू शकतो, आणि तो चांगल्या हेतूने करतो. घानाने लोककलांचे हक्क जनतेच्या वतीने राज्यसंस्थेकडे दिले आहेत. परदेशी कंपन्यांनी गावातली धून उचलून पैसा करू नये, हा त्यामागचा विचार योग्यच होता. पण २००५ च्या कायद्याने देशातल्या कलावंतालाही लोककलेचा व्यावसायिक वापर करायचा तर परवानगी घेणे आणि शुल्क भरणे भाग पडले, आणि आपल्याच आजीचे गाणे वापरायला सरकारकडे पैसे का भरायचे, असा विरोध तिथल्या संगीतकारांनी केला. विश्वस्ताने मालक होऊन बसण्याचा हा सभ्य प्रकार आहे. सांस्कृतिक वारशाच्या नावाखाली असे कायदे करण्याची हौस वाढते आहे, म्हणून घानाचे उदाहरण सांगितले.

याउलट गिनीतच, न्यागासोला गावी, सोसो-बाला नावाचे एक जुने बालाफोन, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे लाकडी पट्ट्यांचे वाद्य, आहे. सुंदियाताच्या काळापासूनचे म्हणून सांगितले जाणारे हे वाद्य एका जेली घराण्याने पिढ्यानपिढ्या जपले आहे. त्याला काढायचे केव्हा, वाजवायचे कोणी, हे त्या घरातला कर्ता ठरवतो. युनेस्कोने २००१ मध्ये त्या परंपरेचा गौरव केला, आणि वाद्य होते तिथेच राहिले. तुरे आले, गेले. वाद्याने तुरे आणि युनेस्को, दोघांकडेही फारसे लक्ष दिले नाही. जपण्यासाठी राजाच लागतो, या समजुतीला ते गाव पुरेसे उत्तर आहे.

सरकारने कलेकडे पाहूच नये, असा याचा अर्थ मी काढत नाही. पैसा लागतो, आणि गरीब देशात तो सरकारकडेच असतो. पण तो देताना तीन गोष्टी पाहाव्यात. कलावंताला सरकारी संघासोबत स्वतःचे वादन, स्वतःचे शिष्य, स्वतःचा ताफा ठेवण्याची मुभा असावी. संघाबाहेर जे रिंगण चालते त्याला परवान्याची अट नसावी. आणि जो बाहेर पडेल त्याने जितकी वर्षे दिली असतील तितक्या वर्षांचे निवृत्तिवेतन त्याला मिळावे, मग तो आबिजानला जावो की ब्रुसेल्सला. ते राज्यकर्त्याच्या मर्जीवर किंवा कलावंताच्या निष्ठेवर अवलंबून नसावे.

या तिसऱ्या गोष्टीबद्दल मी अधिक आग्रही आहे, आणि तो केइता यांच्यासाठी नाही. वादकाचे हात साठीतही चालतात; त्यांचे स्वतःचेही चालले, अमेरिकेत, मेक्सिकोत, जगभरच्या वर्गांत, आणि २१ जून २०२१ रोजी बेल्जियममध्ये ते वारले तेव्हा खंडोखंडी त्यांचे शिष्य होते. नर्तकीचे तसे नसते. कासा बेटावर त्यांच्यासोबत ज्या मुली होत्या, ज्यांनी त्यांच्याच तालावर परदेशांतल्या लाकडी मंचांवर झेपा घेतल्या, त्यांचे गुडघे पस्तिशी-चाळिशीत गेले असणार. शिकवण्यासाठी त्यांना कोणी ब्रुसेल्सला बोलावले नाही, त्यांच्या नावाची तबकडी निघाली नाही, आणि ज्या रिंगणात कधी काळी त्या पुढे येऊन वादकाला आपल्या पायांकडे पाहायला लावत होत्या, ते रिंगण त्यांनी चौदाव्या-पंधराव्या वर्षी सरकारी आदेशावरून सोडले होते.